राहिलेली भैरवी

"दूध गेलं की गं!"

बाईंचा आवाज कानावर आला आणि मी डोळे उघडले. गॅससमोर उभी होते, हातात सांडशी होती, आणि तशीच उभ्या उभ्या झोपले होते. पातेल्यातलं निम्मं दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं. बाईंनी माझ्याआधी पुढे होऊन गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसायलाच लागल्या.

"अहो बाई, राहू द्या, मी करते," मी म्हणाले.

"तू बस. तुझ्यात जीव तरी आहे का?"

ज्यांच्या नुसत्या षड्जावर माणसं माना डोलावतात, त्या अहिल्याबाई तेरदाळकर माझा ओटा पुसत होत्या आणि मी पाटावर बसून बघत होते. एरवी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. पण त्या दिवसांत लाजायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं.

आमचे हे कराडच्या संगीत मंडळाचे चिटणीस. यांना पेटीवरचा सा कुठे असतो तेही सांगता यायचं नाही, पण वेड असं की मला बघायला आले तेव्हा एकच प्रश्न विचारला होता, "गाणं आवडतं ना?" मी हो म्हणाले आणि जन्माची अडकले. कलावंतांना हॉटेलात उतरवायची मंडळाची ऐपत नव्हती. "घरच्यासारखं बाहेर कुठे मिळतंय?" असं हे सगळ्यांना ऐटीत सांगायचे. ते घर म्हणजे मी.

गवई गाण्याआधी पोटभर जेवत नाहीत. गाणं झालं की मात्र त्यांना कडकडून भूक लागते आणि पान गरम लागतं. म्हणून आमच्याकडची रीत ठरून गेली होती. मध्यंतराचा चहा झाला की मी उठायचं, घरी यायचं आणि कुकर लावायचा. मंडळी पानावर बसली की पोळीवर तूप सोडता सोडता माझ्या कानावर यायचं, "पण शेवटी भैरवी काय झाली!" मैफलीची सांगता भैरवीने होते आणि भैरवीनंतर मग काही गायचं नसतं, एवढं मलाही ठाऊक होतं. पण लग्नाला इतकी वर्षं होऊन, एवढ्या गवयांना जेवू घालून, एकाही मैफलीची भैरवी मी ऐकलेली नव्हती.

त्या वर्षी दुष्काळात तेरावा महिना म्हणून सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांना रात्रीतून कितीदा तरी कुशीवर वळवायला लागायचं, भांडं द्यायला लागायचं. सकाळी माझी शाळा. मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. पाढे म्हणून घेताना मीच मधे थांबायचे आणि पोरं "बाई, पुढं?" म्हणून ओरडायची. यांच्याकडून काडीची मदत नव्हती असं नाही, पण आईंना यांची लाज वाटायची आणि माझी वाटायची नाही. तिथे काय बोलणार?

ओटा पुसून झाल्यावर अहिल्याबाई माझ्यासमोर दुसरा पाट ओढून बसल्या. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू. बोलणं बेळगावकडचं. दुपारीच त्या आणि त्यांचे तबलजी दस्तगीरभाई एस.टी.ने आले होते, आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी त्यांचं गाणं होतं.

"उद्या येणार ना ऐकायला?" त्यांनी विचारलं.

"येणार तर! उद्या पूर्ण ऐकणार आहे. भैरवीसकट."

"म्हणजे? एरवी अर्धं ऐकतेस?"

मग मी त्यांना आमच्या घरची रीत सांगितली. बाई हसतील असं वाटलं होतं, त्या हसल्या नाहीत.

"आणि लग्नाआधी?"

"माझं माहेर वाईचं. उत्सवात गाणं असलं की बाबा घेऊन जायचे. त्यांच्या मांडीवर बसून ऐकायचे. पण भैरवी यायच्या आत माझा डोळा लागलेला असायचा. बाबा खांद्यावर टाकून घरी आणायचे."

आता मात्र त्या खळखळून हसल्या. "म्हणजे भैरवीचं नि तुझं हाडवैरच आहे म्हण की!"

"ते उद्या मिटवते. आमच्या वन्सं आल्यात पुण्याहून. आईंचं आणि स्वयंपाकाचं त्या बघणार आहेत. म्हणाल्या, वसुधा, एक दिवस तरी हौस करून घे."

बाई माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाल्या, "मग उद्याची भैरवी तुझी. दुसऱ्या कुणाची नाही. पुढं बस. खांबाला टेकून, अशी माझ्या डोळ्यांसमोर."

मला एवढा आनंद झाला, की सांडलेलं दूध मी विसरूनच गेले आणि रात्री ताकासाठी दही लावायचं राहिलं.

त्या रात्री नेमकं सासूबाईंचं दुखणं वाढलं. वन्सं प्रवासाने दमून झोपल्या होत्या, त्यांना उठवायचं जिवावर आलं. उजाडेपर्यंत माझी पाठ अंथरुणाला लागली नाही. सकाळी डोक्यावरून गार पाणी घेतलं, ठेवणीतली अंजिरी साडी नेसले, सासूबाईंच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "लवकर ये गं." माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं, "नाही आई, आज भैरवी ऐकून येणार."

गाणं शाळेच्या हॉलमध्ये होतं. पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन आत आलं होतं, खाली पांढऱ्या चादरी, डाव्या हाताला आम्हा बायकांची जागा. मी पुढच्या खांबाला टेकून बसले. उजवीकडे अगदी समोर नेहमीप्रमाणे हर्डीकर वकील. आमच्या गावातलं गाणं कळणारं माणूस म्हणजे हर्डीकर. त्यांनी मान हलवली तर गाणं चांगलं, नाही हलवली तर गवयाने घरी जावं. हातावर बोटं मोजत ते ताल धरायचे आणि समेवर गवई जरा इकडेतिकडे झाला की बायकोने मीठ विसरल्यासारखा चेहरा करायचे.

हे दारापाशी उभे राहून लोकांना चपला नीट काढायला सांगत होते. मला पुढे बसलेली बघून यांनी लांबूनच हात केला.

तंबोरे जुळले. बाईंनी डोळे मिटले आणि तोडीचा पहिला सूर लावला.

ते मी कसं सांगू? रेडिओवर मी बाईंची तोडी कितीदा तरी ऐकली होती. फोडणी देताना, केर काढताना. पण तिथे सूर नुसता कानात येतो. इथे तो जमिनीतून येत होता. माझ्या पाठीमागचा खांब तंबोऱ्याच्या नादाने बारीक गुणगुणत होता आणि ते मला पाठीच्या कण्यात कळत होतं. बाई सूर लावायच्या आधी श्वास घ्यायच्या, तो श्वाससुद्धा ऐकू येत होता. कोमल गंधार असा आला, की लागला की नुसता वाटला तेच कळू नये. घरातली औषधाची वेळ, उद्याचा डबा, लावायचं राहिलेलं दही, एकेक गोष्ट मनातून उठून गेली. हात मांडीवर सैल पडले. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणी काही मागत नव्हतं. दस्तगीरभाईंचा ठेका सुरू झाला, लांब, सावकाश, आणि मी स्वतःला म्हटलं, आता अगदी शेवटपर्यंत.

आणि मग टाळ्या वाजल्या.

मी दचकून डोळे उघडले. ऊन खिडक्यांतून निघून गेलं होतं. लोक उभे राहिले होते. बाई हात जोडत होत्या आणि मागे तंबोऱ्यावर बसलेली मुलगी तंबोऱ्याला गवसणी घालत होती.

मला आधी काही कळेचना. मग कळलं. सगळं झालं होतं. तोडी, पुढचा राग, मध्यंतर, सगळं. शेजारी मध्यंतराच्या चहाचा कप ठेवलेला होता, त्यावर साय धरली होती. मला कुणी हलवलं कसं नाही? भर सभेत, पुढच्या रांगेत, बाईंच्या नाकासमोर मी झोपले होते. आणि ती माझी भैरवी होती! डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात हर्डीकर वकील आले आणि त्यांनी चक्क मला नमस्कार केला.

"वहिनी, धन्य आहे तुमची! मी बघत होतो. डोळे मिटून, निश्चल. मध्यंतरात तुमच्या शेजारणी चहा घेऊन आल्या, मीच म्हटलं, खबरदार, हात लावू नका त्यांना. समाधी लागली आहे. आणि आता हे डोळ्यांत पाणी! शेवडे, अहो, खरा श्रोता तुमच्या घरात आहे हो."

मागे येऊन उभे राहिलेल्या यांची छाती फुगली. "मी म्हणत नव्हतो? तिला कान आहे."

मी पदराने डोळे टिपले.

घराकडे चालताना हर्डीकर यांना हळूच म्हणाले, "सगळं खरं शेवडे, पण बाईंनी भैरवी का टाळली?"

मी चालता चालता थांबले. "भैरवी नाही झाली?"

दोघे माझ्याकडे बघायला लागले. यांनीच सावरलं, "अजून भानावर नाही आलेली ती."

जेवणं आमच्या माजघरात झाली. वन्संनी मसालेभात आणि मटार-उसळ केली होती. मी वाढत होते आणि बाईंच्या पानाशी गेले की मान खाली घालत होते. हर्डीकरांना मात्र राहवेना.

"बाई, आज तान एकसुद्धा नाही. तोडीत द्रुत नाही. नंतरची जौनपुरीही विलंबित, आणि तीही इतकी हळुवार, की मागच्यांना कान द्यायला लागले. असं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. यामागे काही विचार?"

"विचार कसला? आज तसं सुचलं," बाई म्हणाल्या. "वसुधाताई, भात आण गं थोडा."

"आणि भैरवी?"

"घसा जड झाला होता जरा."

"मला वाटलंच!" हर्डीकर खूश झाले. "पण त्यातूनही अंतर्मुख गायकीचा जो आविष्कार झाला..." ते पुढे बोलतच राहिले आणि बाई शांतपणे जेवत राहिल्या.

जेवणं उरकल्यावर मी मागच्या दारी भांडी नेली. दस्तगीरभाई तिथे हात धुवून बोटं चोळत उभे होते. मिरजेकडचा साधा माणूस, गेली कित्येक वर्षं बाईंच्या साथीला. माझ्याकडे बघून हसले.

"झोप झाली न्हवं, ताई?"

मी परात घेऊन त्यांच्याजवळ गेले. "तुम्हाला कळलं?"

"मला न्हाई तर कुनाला? तबल्याच्या समोर तुमीच की! तोडीची दोन-तीन आवर्तनं झाली आनि तुमची मान खांबाला लागली. बाईनी बगितलं. मग मला डाव्या हातानं असं केलं." त्यांनी पालथा हात हवेत अलगद खाली दाबून दाखवला. "आस्तं वाजव म्हून. मी म्हनलं, जरा येळानं वाडवतील. कुटलं काय! लय वाडीव म्हनून मी बगतोय, तर परत आपला हात खाली. बोटास्नी मुंग्या आल्या माज्या. एक तुकडा वाजवू दिला न्हाई. येवडं मोटं गानं, आनि तबला म्हंजे नुसता घड्याळागत."

"आणि भैरवी?" मी विचारलं.

"ती मीच इचारली, वाकून, कानाशी. म्हनलं, बाई, लोकं वाट बगत्यात. तर म्हनल्या, जिची हाय ती झोपलीया. तिला उटवून ऐकवू व्हय?"

मी परात तिथेच ठेवली आणि आत गेले.

बाई बाहेरच्या खोलीत तंबोऱ्याशेजारी सतरंजीवर आडव्या झाल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि मला रडूच फुटलं.

"आता काय झालं?" त्या उठून बसल्या. "दस्त्यानं सांगितलं वाटतं. त्याच्या पोटात काही राहत नाही."

"बाई, मी इतकी वाट बघत होते. आणि झोपले. तुमचं एवढं गाणं मी वाया घालवलं."

"वाया?" बाई म्हणाल्या. "ऐक. मला पाठोपाठ चार पोरं झाली. घरात मदतीला कुणी नाही. रियाज कधी करणार? पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि तंबोरा घेऊन बसायचं. आवाज जरा चढला की पोर जागं व्हायचं. तान घेतली की टाहो फोडायचं. मग काय, हळू गायचं. एकेक सूर धरून, पोराच्या डोळ्यांवर उजेड जाऊ नये म्हणून समईला आडोसा करतो तसं. लोक मला विचारतात, ही विलंबित बढत कुठल्या बुवांकडे शिकलात? काय सांगू त्यांना?"

मी रडता रडता हसले.

"पोरं मोठी झाली आणि ते गाणं सुटलं बघ. बैठकीत तसं कोण गातं? वकिलासारखे बोटं मोजत बसलेले असतात समोर, त्यांना चमत्कार दाखवायला लागतो. आज तुझी मान कलली, तोंड जरा उघडं पडलं, आणि मला एकदम ते दिवस आठवले. तुझा श्वास संथ चालला होता, त्याच्यावर मी लय धरली. किती वर्षांनी तसं गायले गं. तुझं तू बघ, माझं काही वाया गेलेलं नाही."

मग त्यांनी तंबोऱ्याकडे हात नेला. "भैरवी म्हणू आता? तुझी आहे."

मी पदर सावरून बसले. त्यांनी तारांवर बोटं फिरवली, एकदा, दोनदा. आणि आतून सासूबाईंची हाक आली, "वसुधाऽ, भांडं दे गं!"

वन्सं पलीकडे अंग टाकून घोरत होत्या. हाक थांबण्यासारखी नव्हती. मी बाईंकडे बघितलं. बाईंनी तारांवर तळवा ठेवून आवाज बंद केला. "जा," त्या म्हणाल्या, "त्याला काय इलाज?"

आईंचं सगळं करून, चादर बदलून, हात धुवून मी येते तो दारात जीप उभी. हे तंबोरा उचलून देत होते, गाडी चुकेल म्हणून सगळ्यांना घाई करत होते. बाई पायात चपला सरकवत होत्या. मी ओटी भरली. वाकले तेव्हा त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"भैरवी राहिली ना? मग मैफल अजून चालू आहे म्हणायची. पुढच्या खेपेला येऊन संपवते. तोवर जमेल तेव्हा झोपत जा."

पुढची खेप झाली नाही. वर्षभरात बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं जाहीर गाणं थांबलं. हर्डीकर वकील सगळ्यांना सांगत सुटले, "मी तेव्हाच ओळखलं होतं. त्या दिवशी भैरवी नाही झाली, तेव्हाच घसा गेला होता." त्या मैफलीवर त्यांनी मंडळाच्या स्मरणिकेत एक लांबलचक लेखही लिहिला. लोक अजून तिची आठवण काढतात. बाईंनी असं का गायलं यावर जो तो आपापली अक्कल पाजळतो. मी चहा देते आणि गप्प बसते. यांनाही कधी सांगितलं नाही. माझ्या समाधीचा यांना केवढा अभिमान!

सासूबाई गेल्या. मी शाळेतून निवृत्त झाले. मंडळाने कलावंतांना हॉटेलात उतरवायला सुरुवात केली आणि मी मोकळी झाले. आता मध्यंतराला उठावं लागत नाही. दुसऱ्यांच्या कितीतरी भैरव्या मी ऐकल्या, चांगल्या होत्या. पण कुठेही तोडी सुरू झाली की माझी पाठ तो खांब शोधते आणि अंगातला शीण हळूहळू उतरायला लागतो. त्या सकाळी मला काय ऐकू आलं ते मी सांगू शकत नाही. काहीतरी आलं होतं एवढं नक्की.

गेल्या वर्षी बाई वारल्याचं पेपरात आलं. त्या संध्याकाळी हे रेडिओ लावून बसले होते. मी आत भाजी निवडत होते. श्रद्धांजली म्हणून बाईंची जुनी ध्वनिमुद्रणं लागत होती. निवेदिका म्हणाली, आता शेवटी ऐकू या त्यांनी गायलेली भैरवी. तंबोरे सुरू झाले.

"वसुधा, ये लवकर!" यांनी हाक मारली. "बाईंची भैरवी! त्या दिवशी राहिली होती बघ, आठवतं?"

मी हात पुसत बाहेर आले. तंबोऱ्यामागून बाईंनी श्वास घेतला, तो ऐकू आला. मी पुढे झाले आणि रेडिओ बंद केला.

"अगं, काय केलंस हे?"

"असू दे," मी म्हणाले. "इतक्यात नको संपवायला."